पहिलं रिमोटचं हेलिकॉप्टर घेताना
भाऊ, कापूस वेचणीच्या धामधुमीत तुला हप्त्यातून अर्धा तास भेटतो, तर कलेक्टिव्ह पिचच्या (उडताना पात्यांचा कोन बदलते त्या) हेलिकॉप्टरच्या नादी आत्ताच लागू नको. एकदा आपटलं की ब्लेड, शाफ्ट, गिअर बदलण्यातच महिना जाते, माझा गेला. फिक्स्ड पिचचं (पात्यांचा कोन कायम), ४ चॅनेलचं (वर-खाली, पुढं-मागं, डावं-उजवं अन् वळणं), जायरोवालं (तोल सांभाळणाऱ्या सेन्सरचं) छोटं घे. एकावर एक पंख्यांचं कोॲक्सियल सोपं खरं, पण उघड्या वावरात वाऱ्यानं थेट तुरीत! सकाळी वारा पडलेला असताना खळ्यावर उडव. शेपूट आपल्याकडे ठेव. तोंड आपल्याकडे फिरलं की डावं-उजवं उलटं होते. सुटे ब्लेड सोबतच मागव, तालुक्याला भेटत नाहीत. अन् त्याची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी उन्हाळ्यात टिनाखाली नको. बरेच दिवस उडवणार नसशील तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेव, फुल चार्ज करून नाही.