सिग्नलला थांबलं की एसी कोमट

प्रश्न : गाडी हायवेवर छान गार होते, पण सोलापुरात सिग्नलला उभी राहिली की एसीतून कोमट हवा येते. गॅरेजवाले गॅस भरा म्हणतात. भरू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : थांबा, आधी पैसे घालवू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणावरून माझा पहिला संशय कंडेन्सरच्या (एसीच्या गॅसमधली उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरसमोरची जाळी) पंख्यावर आहे. गाडी पळत असताना समोरचा वाराच कंडेन्सर थंड ठेवतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बॉनेट उघडा आणि रेडिएटरकडे बघा. हात आत घालू नका, पंखा कधीही अचानक सुरू होतो. काही मिनिटांत तो फिरलाच नाही, किंवा रडतखडत फिरला, तर फ्यूज, रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि मोटर तपासून घ्या. पंखा ठणठणीत असेल तर कंडेन्सरच्या जाळीत धूळ, किडे अडकलेत का ते पाहा. इंजिन गार असताना साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने नको, त्याने नाजूक पत्र्या वाकतात.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर गॅस कमी असू शकतो. पण तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय! पाइपच्या जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर तिथेच शोध घ्यायला सांगा. गळती न काढता गॅस भरून घेऊ नका, आणि भरताना तो वजनानेच भरा असा आग्रह धरा. किती ग्रॅम हवा ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं.