वजन कमी करण्यासाठी ग्लूटेन-फ्री आहार सुरू करायचा आहे, सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की आठ-दहा किलो वजन कमी करायचंय, जेवल्यावर पोट फुगतं, दिवसभर थकवा असतो आणि ऑफिसमधल्या एकानं गहू बंद करून सहा किलो उतरवले, म्हणून तुम्हीही सोमवारपासून गहू बंद करणार. कृपा करून सोमवारचा बेत पुढे ढकला. वजनाचं मागाहून बघू. पोट फुगणं आणि थकवा हे दोन शब्द एकाच वाक्यात वाचले म्हणून मी लिहायला बसले आहे.

आधी सीलिअॅकसाठीची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडतं तो आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्या, सोबत टोटल आयजीए. आणि ती पोळी खाणं चालू असतानाच करा. गहू सोडून काही महिने झाले की ही तपासणी नॉर्मल येऊ शकते, आजार असला तरी. माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलं.

मी मूळची बार्शीची. आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पोळी सणावाराला नाहीतर पाहुणे आले की. लग्न होऊन नाशिकला आले आणि सकाळी ब्रेड नाहीतर उपमा, डब्यात पोळी, रात्री पोळी असं सुरू झालं. दोन-तीन वर्षांत सारखं तोंड यायला लागलं, केसांचे पुंजके हातात यायचे, जेवलं की पोट टम्म. २०१७ च्या दिवाळीत हिमोग्लोबिन ७.४ निघालं. लोहाच्या गोळ्या झाल्या, शिरेतून लोह झालं, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई, सगळं झालं. थोडं चढायचं आणि दोन महिन्यांत पुन्हा खाली. वजन ४१ किलो. बायका विचारायच्या, अशी बारीक कशी राहिलीस गं? आणि मी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत भिंत धरून उभी राहायचे.

माझा मोठा भाऊ पुण्यात असतो. त्याच्या जिममधल्या ट्रेनरनं त्याला ग्लूटेन सोडायला लावलं होतं आणि चार महिन्यांत तो नऊ किलो उतरला होता. २०१८ च्या संक्रांतीला तो माझ्याकडे आला, माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "पोळी सोड. महिनाभर सोडून बघ, मग मला सांग." मी सोडली. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पोट हलकं झालं, तोंड येणं थांबलं. रक्त मात्र वाढेना, कारण बरं वाटतंय म्हटल्यावर लोहाच्या गोळ्यांत हयगय व्हायला लागली आणि कुणाकडे गेलं की शिरा, शेवया, एखादी करंजी पोटात जायचीच. मला कुठे ठाऊक होतं की हे पथ्य एवढं कडक असतं?

त्या पावसाळ्यात एका डॉक्टरांना सीलिअॅकचा संशय आला. त्यांनी टीटीजी करायला सांगितली. नॉर्मल आली. "तुम्हाला तो आजार नाही," असं सांगून त्यांनी फाइल बंद केली. मी गहू खाते का हे त्यांनी विचारलं नाही, आणि ते सांगायला हवं हे मला माहीत नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत कंबर दुखायला लागली, हाडांची घनता तपासली तर ती कमी. वय ३३.

२०१९ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी जुने रिपोर्ट हातातही घेतले नाहीत, आधी विचारलं, "गेल्या सहा महिन्यांत रोज पोळी खात होतात का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग ही तपासणी नसल्यात जमा. आता रोज चार पोळ्या, सहा आठवडे, आणि मग पुन्हा रक्त.

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. आई बार्शीहून माझ्याकडे राहायला आली होती, येताना नेहमीप्रमाणे ज्वारी घेऊन आली होती. ती ज्वारी तशीच पोत्यात राहिली आणि आई रोज कणीक मळायची. तिसऱ्या दिवसापासून मला जुलाब सुरू झाले. दहाव्या दिवशी ताटापुढे बसलं की रडू यायचं. आई पोळी तव्यावरून काढायची, तूप लावायची आणि ताटात न टाकता हातातच धरून उभी राहायची. एकदा म्हणाली, "जाणूनबुजून लेकीच्या पानात इख कसं वाढू?" मी तिच्या हातातून घेतली आणि खाल्ली. अशा दीडशेच्या वर पोळ्या मी खाल्ल्या, निव्वळ एका तपासणीसाठी. आधीच्या वर्षी गहू सोडण्यापूर्वी रक्त दिलं असतं तर यातली एकही खावी लागली नसती.

टीटीजी मर्यादेच्या दहापटीहून जास्त आली. एप्रिलमध्ये एंडोस्कोपी झाली, लहान आतड्याच्या सुरुवातीचे तुकडे तपासले. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं: आतड्याच्या आतल्या अस्तराला मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. सीलिअॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या लवेवर उलटते. माझी लव झिजून सपाट झाली होती. लोह जाणार कुठून? मी खाल्लेला प्रत्येक खजूर वाया जात होता.

हे ज्यांना नवं फॅड वाटतं त्यांच्यासाठी सांगते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि तिथले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना दिसलं की बाकी मुलं खंगत असताना सीलिअॅकची मुलं सुधारताहेत. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिकेंना गव्हाचा संशय त्याआधीपासून होता, १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधात मांडला. आपल्याकडे हा आजार गहू खाणाऱ्या उत्तर भारतात जास्त सापडतो, तिथे साधारण शंभरात एकाला. दक्षिणेत फार कमी. आपण मधले, आणि आपल्याकडे थकलेल्या बाईला लोहाची गोळी देऊन घरी पाठवतात.

आता वजन. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन आहे. त्यानं चरबी वाढत नाही. गहू घ्या, ज्वारी घ्या, बाजरी घ्या, शंभर ग्रॅम पिठात सव्वातीनशे ते साडेतीनशे कॅलरीच असतात. मी ग्लूटेन सोडल्यावर माझं वजन नऊ किलोनं वाढलं, कारण खाल्लेलं अंगी लागायला लागलं. दादाचं नऊ किलोनं उतरलं, कारण त्यानं पोळीबरोबर चहाची खारी, पाचचा वडापाव, शनिवारची बिअर आणि रविवारचा पिझ्झा सोडला. रोज तीन पोळ्या ठेवून बाकीचं सोडलं असतं तरी तो उतरलाच असता. हे मी त्याला २०१९ पासून सांगते आहे आणि तो मानत नाही.

तुमच्या ऑफिसमधल्या माणसाचंही तेच झालं असणार. तुम्हाला वजनच उतरवायचं असेल तर बेकरी, साखर आणि संध्याकाळचं तळण बंद करा, रात्रीच्या दोन पोळ्या कमी करून वाटीभर उसळ वाढवा, रोज तासभर चाला. ग्लूटेन-फ्री लिहिलेली बिस्किटं आणि ब्रेड तर आणूच नका. त्यात बहुतेक वेळा तांदळाचं पीठ, टॅपिओका नाहीतर बटाट्याचा स्टार्च, साखर आणि तूप-तेल असतं, चोथा जवळजवळ नसतो आणि किंमत दुप्पट-तिप्पट.

भाकरी खायची असेल तर आवर्जून खा, त्याला ग्लूटेनचं निमित्त कशाला हवं? आमच्या सोलापूरकडची मालदांडी ज्वारी एकदा खाऊन बघा. मात्र पीठ ताजं घ्या, विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना फाटते, आणि उकळत्या पाण्यात मळा. गव्हाच्या कणकेला ग्लूटेन धरून ठेवतं, ज्वारीला ते नाही, म्हणून तिला गरम पाण्याचा आधार लागतो.

आणि खपली गव्हाबद्दल जे सांगितलं जातं ते ऐकून माझं डोकं दुखतं. खपलीत ग्लूटेन आहे. तो गहूच आहे. "ग्लूटेनचा त्रास असलेल्यांना चालतो" असं मला दोन दुकानदारांनी तोंडावर सांगितलंय. माझ्यासारख्या बाईनं विश्वास ठेवून खाल्ला तर तिचं आतडं पुन्हा सोलवटेल.

ज्यांना खरोखर सोडावं लागतं त्यांचं सोडणं कसं असतं तेही सांगते. सहा महिने मी गव्हाचा कण खाल्ला नाही असं मला वाटत होतं, तरी ऑक्टोबरच्या तपासणीत आकडा पुरेसा उतरला नव्हता. डॉक्टरांनी घरातलं एकेक विचारत नेलं. पहिलं निघालं हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात वाचा, बहुतेकांत मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतं, आणि मी रोज फोडणीत घालत होते. मग थालिपिठाची भाजणी, मेतकूट, दोन्हींत गहू. आणि शेवटी गिरणी. आमचे गिरणीवाले काका भला माणूस, माझ्यासाठी आधी मूठभर ज्वारी टाकून जातं साफ करायचे. पण पीठ जिथून डब्यात पडतं ती कापडाची बाही मी एकदा झटकून बघितली, तर पोळीचं पीठ पोहे-चमचाभर तरी खाली पडलं. भारतातल्या नियमानुसार किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच त्या पदार्थाला ग्लूटेन-फ्री म्हणता येतं. म्हणजे चिमूटभराचाही हिशोब होतो.

त्या भाऊबीजेला दादानं ओवाळणी म्हणून घरघंटी आणली. पुण्याहून गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालून आणली आणि स्वतः बसवून दिली. आज माझं हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे, त्यात त्या घरघंटीचा वाटा आहे आणि मी ते विसरत नाही.

पण वाद तिथेच आहे. दादा सगळ्यांना सांगतो, "मी पोळी सोडायला लावली म्हणून हिचा आजार सापडला." माझं म्हणणं, त्यामुळेच तो वर्षभर लपला. शिवाय दादाचं ग्लूटेन-फ्री सोमवार ते शुक्रवार असतं, लग्नात तो पुरणपोळी दोनदा मागून घेतो. मग वाढणाऱ्या काकू माझ्याकडे वळतात, "तुझा भाऊ पण तेच करतो ना, तो तर खातोय, एका दिवसानं काय होतंय?" आणि माझ्या भातावरून पोळीचा हात फिरतो. तुम्हीही हौसेनं सोडणार असाल तर एवढं करा, कुणाला "मला ग्लूटेन चालत नाही" असं सांगू नका. "सध्या पोळी खात नाही" म्हणा. त्या दोन वाक्यांतला फरक माझ्या ताटात येतो.

काही गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही. तपासणी पॉझिटिव्ह आली तरी एंडोस्कोपी होईपर्यंत गहू सोडू नका. निगेटिव्ह आली आणि तरीही पोळीनं पोट फुगत असेल तर तुमचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये, स्वतःला ग्लूटेन बाधतं असं सांगणाऱ्या लोकांवर प्रयोग केला, तेव्हा आंबणारी काही विशिष्ट कर्बोदकं कमी केल्यावर त्यांना बरं वाटलं, आणि नंतर नुसतं ग्लूटेन देऊन त्रास वाढल्याचं दिसलं नाही. तसली कर्बोदकं गव्हात आहेत तशी कांद्या-लसणातही आहेत. तेव्हा आहारतज्ज्ञाला विचारून तेही तपासा. थायरॉइडही बघा, थकवा तिथूनही येतो.

आणि कुणी आधीच गहू सोडून बसलं असेल तर एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी असते. त्या तपासणीसाठी पोळी खावी लागत नाही. ती निगेटिव्ह आली तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच. पॉझिटिव्ह आली तर आजार आहेच असं नाही, पण मग पोळ्या खाऊन पुढची तपासणी करावी लागते. सीलिअॅक असलेल्याच्या सख्ख्या भावंडांना, आईवडिलांना, मुलांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून त्यांनी तपासून घ्यावं असं डॉक्टर सांगतात. आईची तपासणी झाली, निगेटिव्ह आहे. माझ्या मुलीची झाली. राहिलाय फक्त दादा. गेल्या वर्षी त्याचंही हिमोग्लोबिन ११ आलं आणि तो म्हणाला, कामाची दगदग.

दादा, ही लिंक मी तुला पाठवणार आहे. जनुकांच्या तपासणीचे पैसे मी भरते. ती पॉझिटिव्ह आली तर सहा आठवडे बार्शीला जाऊन राहा. आईला मी विचारलंय, ती पोळ्या करायला तयार आहे.