४२ प्रश्नांचा तुझा फॉर्म

अगं,

पर्यटकांच्या सर्व्हेसाठी केलेला तुझा फॉर्म काल रात्री दोनदा वाचला. ४२ प्रश्न, सगळे एक ते पाचच्या स्केलवर, रस्ते, स्वच्छता, राहायची सोय, सुरक्षितता, निसर्ग, गाईडचं वागणं, मेहनत दिसतेय, नाही म्हणत नाही. पण हे सगळं भरून आलं तरी तुला एवढंच कळणार की लोकांचं त्या जागेबद्दल मत काय आहे. तिथे त्यांना वाटलं काय, हे कुठे आहे? आणि तुझा विषय तर तोच ना!

शहाणपणा नाही शिकवत, मी स्वतः माती खाल्लीये म्हणून सांगतेय. पहिल्या सर्व्हेला मी एका धबधब्याच्या पायथ्याशी पार्किंगमध्ये क्लिपबोर्ड घेऊन उभी होते. दोन दिवस मस्त ऊन, लोक खुशीत, निसर्गाला पाचपैकी पाच. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, बसेस अडकल्या, माणसं दीड तास भिजत उभी, आणि मला वाटलं बरंच झालं, आयते लोक सापडले, धडाधड फॉर्म भरून घेतले. नंतर एक्सेलमध्ये बघते तर बसचे मार्क पडले ते एकवेळ समजू शकते, पण निसर्गाचेही पडलेले. धबधबा तोच होता की! उलट पावसाने जास्तच भरलेला. फॉर्मवर तारीखसुद्धा टाकली नव्हती, गठ्ठे वेगळे बांधले होते म्हणून निदान कळलं तरी.

श्वार्ट्झ आणि क्लोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये यावर एक गमतीशीर काम केलंय. फोन करून लोकांना विचारलं, आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? उन्हाच्या दिवशी लोक जास्त समाधानी, पावसाळी दिवशी कमी. पण आधी सहज ‘तुमच्याकडे हवा कशी आहे’ असं विचारलं की तो फरक गायब, कारण मूड हवेमुळे गेलाय हे माणसाच्या लक्षात येतं आणि मग तो त्याचं खापर आयुष्यावर फोडत नाही. आता नंतरच्या खूप मोठ्या डेटात हवेचा असा परिणाम फारसा दिसला नाही, तेव्हा ती काळ्या दगडावरची रेघ समजू नकोस. युक्ती मात्र उचल. पहिलाच प्रश्न ठेव, आजचा दिवस कसा गेला? आणि तारीख, वेळ, हवा, किती उशीर झालाय हे तू स्वतः कोपऱ्यात लिहीत जा.

बरं, मुद्द्याचं. बालोग्लू आणि मॅक्लिअरी यांचा १९९९ चा पेपर वाचलायस का? नसेल तर आधी तो वाच, बाकीचे वीस नंतर. तुर्कस्तान, ग्रीस, इटली, इजिप्त या चार देशांबद्दल अमेरिकन लोकांच्या मनात काय चित्र आहे, हे त्यांनी बघितलं. त्यांची मांडणी साधारण अशी की जागेबद्दलची माहिती आणि मतं एकीकडे, भावना दुसरीकडे, आणि मतांचा बराचसा परिणाम भावनेतून गाळून मग एकूण चित्रावर होतो. म्हणजे ‘रस्ते चांगले आहेत’ पासून ‘मला तिथे जायचंय’ पर्यंत सरळ रस्ता नाही, मध्ये ‘तिथे निवांत वाटेल’ असं काहीतरी लागतं. त्या भावनांसाठी रसेल आणि प्रॅट यांच्या १९८० च्या जोड्या अजून वापरतात: सुखद की नकोसं, जागं करणारं की झोप आणणारं, उत्साहाचं की उदास, निवांत की ताण देणारं. चारच ओळी आहेत. तुझे स्वच्छतेवरचे सहा प्रश्न एकात गुंडाळ, जागा होते की नाही बघ.

आणि मोकळे प्रश्न ठेवच, म्हणजे लोक स्वतःच्या शब्दांत उत्तर देतील असे. तू म्हणशील त्या उत्तरांचं कोडिंग, म्हणजे वाचून गट पाडणं, कोण करणार, तर तू करणार, दुसरं कोण! त्याच सर्व्हेत एका बाईंनी सगळीकडे मुकाट चार-चार टिक केलं होतं आणि पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘ढग अंगावरून गेला. मुलगी म्हणाली, आई, काहीच लागलं नाही.’ मी ते सोडून दिलं, कारण एक्सेलमध्ये त्याला कॉलम नव्हता. एक्टनर आणि रिची यांनी १९९३ मध्ये तीन मोकळे प्रश्न दिलेत, ते बिनधास्त घे: या जागेचं नाव काढलं की डोळ्यांसमोर काय येतं, तिथलं वातावरण कसं असेल असं वाटतं, आणि दुसरीकडे कुठेच नाही असं तिथे काय आहे. स्केलवर दोन जागा अगदी जुळ्या निघतात आणि या तीन प्रश्नांत त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो, असं मी कितीदा तरी पाहिलंय.

माहितीच्या स्रोतांचा प्रश्नही बदल. ‘सोशल मीडिया’ असा एक पर्याय ठेवलायस, त्यात आख्खं जग आलं. क्लेअर गन यांनी १९७२ मध्येच दोन प्रकार वेगळे केले होते, एक आपोआप मनात साचलेलं चित्र, बातम्या, शाळेतला भूगोल, कुणाच्या गप्पा यातून आलेलं, आणि दुसरं जाहिरातीने मुद्दाम घडवलेलं. गार्टनर यांनी १९९३ मध्ये त्याच्या आठ पायऱ्या केल्या, त्यातली मला आवडणारी म्हणजे जाहिरात असून जाहिरात न वाटणारी. पैसे घेऊन केलेलं रील बरोबर तिथेच बसतं बघ, वाटतं मैत्रीण सांगतेय. म्हणून विचार, शेवटचं कुणाचं पाहिलंत आणि त्यावर विश्वास बसला का.

प्रस्तावनेतला पॅरिस सिंड्रोम, म्हणजे पॅरिस मनातल्या चित्रासारखं निघालं नाही म्हणून पर्यटक आजारी पडतात ते, काढून टाक प्लीज. हिरोआकी ओता या जपानी मानसोपचारतज्ज्ञांनी तो मांडला हे खरं, पण केसेस अगदी मोजक्या आणि पेपरवाल्यांना भारी आवडतो, म्हणून सगळीकडे दिसतो. अपेक्षाभंग दाखवायचाय ना, मग मोनालिसा घे. चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटर, पोस्टरवर बघून गेलेला माणूस गर्दीतून मान वर करून म्हणतो, एवढंसंच? आता यात चित्राचं काय चुकलं!

वेळेचं मात्र नीट ठरव, इथे बहुतेकांचा घोळ होतो. मिचेल आणि इतरांनी १९९७ मध्ये युरोपच्या १२ दिवसांच्या टूरला गेलेल्यांना आणि कॅलिफोर्नियात ३ आठवडे सायकलवर फिरलेल्यांना आधी, मध्ये आणि नंतर असं तिन्ही वेळा विचारलं. आधीची अपेक्षा गोड, नंतरची आठवण गोड, आणि प्रत्यक्ष चालू असताना मात्र पाऊस, थकवा, कटकट. म्हणजे तू पार्किंगमध्ये विचारलंस तर एक उत्तर आणि महिन्याने फोनवर विचारलंस तर दुसरं, त्यातलं खोटं कुठलंच नाही, पण पुन्हा जायचं की नाही हे माणूस आठवणीवरून ठरवतो, त्यामुळे निदान ३० जणांचे नंबर परवानगीने घेऊन ठेव आणि नंतर फोन कर. निम्मे उचलणार नाहीत, धरून चाल.

१५ प्रश्नांवर आणून पुन्हा पाठव, रविवारपर्यंत बघून देते. आणि पेनं भरपूर ने, लोक फॉर्म परत देतात, पेन खिशात घालून जातात.

तुझी,
ताई