एकच संगणक असलेल्या वाचनालयात मुलांना माहिती पारखायला कसे शिकवावे?

तालुक्याच्या वाचनालयात शाळकरी मुलांसाठी माहिती साक्षरतेचा उपक्रम कसा आखावा आणि संगणक एकच असताना तो जमेल का, असे आपण विचारले आहे. आमच्या वाचनालयात असा उपक्रम मी चालवतो, त्यावरून सांगतो की संगणकांची वानवा ही फार मोठी अडचण नाही. व्याख्यान मात्र टाळावे. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे मुलांनी इतक्या वेळा ऐकलेले असते की ते कानावरून जाते. त्यापेक्षा एकच विधान हाती द्यावे आणि ते मुळात आले कुठून, याचा माग त्यांनाच काढू द्यावा.

सुरुवातीला मी ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले’ हा संदेश घेतो. युनेस्कोने अशी घोषणा कधीही केलेली नाही, तरी वर्षानुवर्षे फिरणारा हा संदेश बहुतेकांनी घरच्या ग्रुपवर वाचलेला असतो. चौघांत एक फोन देऊन शोधायला सांगितले की “सर, दहा ठिकाणी आहे, म्हणजे खरंच असणार,” असे कोणीतरी म्हणतेच. मग ते दहाही मजकूर शेजारी ठेवून मोठ्याने वाचायला लावावेत. वाक्ये तीच, अभिनंदनाचा सूर तोच, उद्गारचिन्हेही त्याच जागी. एकाच मजकुराच्या या दहा नकला आहेत, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाचनालयाचे खरे बळ मात्र जुन्या पुस्तकांत आहे. एखाद्या जुन्या चरित्रात शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष १६२७ सापडते, तर नव्यात १६३०. चूक कोण, हे विचारण्याआधी प्रत्येक लेखकाने कशाच्या आधारे लिहिले, हे प्रस्तावनेतून आणि तळटिपांतून शोधायला सांगावे. १६२७ मागे उत्तरकालीन बखरी आहेत. १६३० मागे लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार नोंद आहे, जिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (म्हणजे इ. स. १६३०) अशी तिथी नोंदलेली आहे. नवा पुरावा हाती आल्यावर इतिहासकार मत बदलतात, हे मुलांना इथे प्रत्यक्ष दिसते. म्हणून अशी दोन-चार जुनी पुस्तके निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत जाण्याआधी बाजूला काढावीत (तपासणीच्या वेळी कारण विचारले, तर तेही सांगता येते).

हल्ली मुले चॅटजीपीटीचे उत्तर घेऊन येतात. माझी हरकत नसते. त्याने सांगितलेला संदर्भग्रंथ आधी आमच्या तालिकेत (ग्रंथांच्या सूचीत) आणि मग मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन तालिकांत शोधायला मी सांगतो. ग्रंथ मिळाला तर पान उघडून विधान पडताळायचे. कधी कधी त्या नावाचा ग्रंथ कुठेच सापडत नाही आणि तेवढ्यावर तासभर चर्चा रंगते.

दहावीची मुले क्लासमुळे टिकत नाहीत, तेव्हा आठवी-नववीचीच घ्यावीत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतरची वेळ आम्हांला सोयीची पडली आहे.