बॅटरीतल्या पावडरीवर कोटिंग कशाला? वाचकांचे प्रश्न

एलएफपीमध्ये (लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरीच्या कॅथोडची म्हणजे धन बाजूची पावडर) कोबाल्ट नाही, निकेल नाही, टिकतेही छान, मग तिच्यावर कार्बन का चढवतात?

कारण नुसत्या एलएफपीतून वीज जवळजवळ वाहतच नाही. १९९७ साली टेक्सासमध्ये शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या ग्रुपने हे मटेरियल पुढे आणलं तेव्हा हीच मोठी अडचण होती, मग कणांवर काही नॅनोमीटर जाडीचा कार्बन चढवला आणि कण बारीक केले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. कच्च्या मालात चक्क साखर मिसळतात आणि नायट्रोजनमध्ये साधारण ७०० डिग्रीला भाजतात, साखरेचा कार्बन होतो आणि तोच लोखंडाचं ऑक्सिडेशनही होऊ देत नाही, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०२३ मध्ये सोडियम-आयन (लिथियमऐवजी सोडियमवर चालणारी) बॅटरी जाहीर केली तेव्हापासून वाचतोय. तिच्यातली पावडर हवेत खराब होते का?

सगळ्या नाही, पण लेयर्ड ऑक्साइडवाल्या (सोडियम आणि धातूंचं ऑक्साइड थराथराने रचलेल्या) होतात, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या मिठासारखी गत. दमट हवेमुळे सोडियम बाहेर येतं, त्याचा कॉस्टिक सोडा आणि धुण्याचा सोडा बनतो, आणि मग बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) घालून स्लरी म्हणजे पातळ लेप करायला गेलं की ती थिजते, फॉइलवर पसरतच नाही. मला इथे फॉस्फेटचं कोटिंग सगळ्यात हुशारीचं वाटतं, ते पृष्ठभागावरचा अल्कलीच (म्हणजे तो सोडा) खाऊन त्याचा थर बनवतं. तरी ड्राय रूम (कोरड्या हवेची खोली) लागतेच हां, कोटिंग केलं म्हणून पोतं उघडं टाकून चालणार नाही.

मग थर जाडच का देत नाहीत?

अहो, आयन (लिथियम-सोडियमचे भारित कण) आतबाहेर जायला नकोत का! अ‍ॅल्युमिना म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं कोटिंग तर इन्सुलेटर, म्हणून एएलडी (अणूंचा थरावर थर चढवणाऱ्या) मशीनमध्ये एका फेरीला साधारण ०.१ नॅनोमीटर असा मोजून चढवतात. इलेक्ट्रोलाइटमध्ये (बॅटरीतल्या द्रवात) चुकून पाणी राहिलं की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड बनतं आणि ते कॅथोडमधलं मँगनीज विरघळवतं, अ‍ॅल्युमिना ते अ‍ॅसिड स्वतःवर घेतो. कोबाल्ट टाळून मँगनीजकडे जायचं असेल तर हे महत्त्वाचंच. फक्त चार्ज-डिस्चार्जमध्ये कण फुगून तडकला की आतला भाग उघडा पडतो, तिथे कोटिंग काय करणार.

स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर बाहेरून असं काही मारता येतं का?

नाही. हे सगळं सेल बनायच्या आधी, पावडर असतानाच होतं. बाजारात कोणी स्प्रे विकत असेल तर घेऊ नका आणि सेल उघडायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.