झुरळं मारायचं विषारी जेल लावूनही ती आता मरेनाशी झालीत: झुरळं जेलला सरावतात का? यालाच उत्क्रांती म्हणायचं का?

सरावत नाहीत. पण तुम्ही जे बघताय ती उत्क्रांतीच आहे.

झूलॉजीत बीएस्सी करून मी लालबाग-परळला पेस्ट कंट्रोल करतो. ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या मोटरपाशी दडणारं, मानेमागे दोन काळ्या रेघा असलेलं छोटं तांबूस झुरळ म्हणजे जर्मन झुरळ. (नावालाच जर्मन. 2024 च्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे 2100 वर्षांपूर्वी आशियाई झुरळापासून वेगळं झालं, तेही बहुधा भारतात किंवा म्यानमारमध्ये, माणसाच्या वस्तीत शिरून.)

ज्या झुरळानं जेल खाल्लं ते मेलं, विषय संपला. ते काही शिकत नाही. बदलतं ते पुढच्या पिढ्यांमधलं प्रमाण. पूर्वी अशा विषारी खाद्यात गोडीला ग्लुकोज घालत. फ्लोरिडातली काही झुरळं त्याला तोंडच लावेनात, आणि हा गुण पिल्लांत उतरतो हे 1993 मध्ये प्रसिद्ध झालं. कारण कळायला 2013 उजाडलं: त्यांच्या कडू चव ओळखणाऱ्या चेतापेशी ग्लुकोजनंही चेततात. साखरच कडू लागते! असा बदल योगायोगानं होतो, जेल तो घडवून आणत नाही. जेल फक्त गोडखाऊंना उचलतं. मग उरलेल्यांचंच राज्य. मादी 30-40 अंड्यांचा कोष पिल्लं निघेपर्यंत मागे लटकवून फिरते आणि दोन-तीन महिन्यांत पुढची पिढी तयार, त्यामुळे वेळ लागत नाही.

म्हणून ही झुरळं 'प्रगत' वगैरे समजू नका. विष नसेल तिथे ग्लुकोजचं खाणं टाळल्यानं ती उलट हळू वाढतात.

नवी जात कशी होते, याची चुणूकही इथेच दिसते. नर पाठीवरचा गोड स्राव मादीला चाटायला देतो, ती चाटत असतानाच जमतं. पण मादीच्या लाळेत त्यातल्या माल्टोज या साखरेचं ग्लुकोज होतं, ग्लुकोज टाळणाऱ्या मादीला ते कडू लागतं आणि ती अर्ध्यातच उतरून जाते. दोन गटांचं आपसात कायमचं जमेनासं झालं तर जाती वेगळ्या होतात. इथे तसं झालेलं नाही. ग्लुकोज टाळणाऱ्या गटातल्या नरांचा स्रावही बदललाय, त्यामुळे त्यांचं या माद्यांशी जमतं.

तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला जेल कुठलं ते विचारा, आणि दरवेळी तेच असेल तर बदलायला सांगा. 'मागचंच लावा, बरं होतं' म्हणणाऱ्या काकू मला रोज भेटतात.