भारतातून नारू गेला, मग जगातून का जात नाही? सगळीकडे नळ दिले की झालं ना? लस का काढत नाहीत?

नारू म्हणजे पाण्यावाटे पोटात जाणारा आणि वर्षभरानं बहुधा पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा जंत. लसीचं आधी उरकतो. त्यावर लस नाही, जंत मारणारं खात्रीचं औषधही नाही, आणि भारतातून तो गेला तो या दोन्हीशिवायच. एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही, तेव्हा देवीच्या लसीशी त्याची तुलना करू नका.

तुमच्या प्रश्नातलं मला झोंबलं ते मधलं वाक्य. 'सगळीकडे नळ दिले की झालं ना?' हे मी दर दिवाळीला ऐकत आलोय. माझे दाजी पाणीपुरवठ्याच्या खात्यात अभियंता होते आणि मी प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुउद्देशीय कर्मचारी. फराळाची ताटं पुढे आली की दाजी सुरू होणार, "पाहुणे, नारू आमच्या हापशानं घालवला. तुम्ही नुसती रजिस्टरं भरलीत." बहीण मध्ये पडते आणि विषय चिवड्यावर जातो. आज मध्ये पडायला कुणी नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. दुष्काळी पट्ट्यातलं गाव. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. गावाला दगडी बारव होती, तळापर्यंत पायऱ्या उतरत गेलेली. नारूला याहून सोयीची जागा सापडणार नाही. बाई घागर बुडवायला खाली उतरते, तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात जातात. पायावर नारूचा फोड असेल तर आतली मादी तिथूनच लाखो पिल्लं पाण्यात सोडते, ती सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात जातात आणि सायक्लॉप्स घागरीत. मग वर्षभर काहीच नाही. ना ताप, ना खाज. वर्ष उलटलं की कुणाच्या तरी पोटरीला आग सुरू होते आणि तोवर कुठलं पाणी प्यायलो होतो हे कुणाच्या लक्षातही नसतं.

दाजींच्या खात्यानं या गावात वेशीजवळ हापसा बसवला होता. पाणी भरपूर, पण मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही. बायकांनी महिनाभरात निकाल लावून टाकला: गुरं आणि धुणं हापशावर, पिण्याची घागर बारवेवर. दाजींच्या कागदावर मात्र 'सुरक्षित पाणी उपलब्ध'. कागदाच्या बाबतीत आम्हीही काही कमी नव्हतो. या गावाचा आमचा नारूचा मासिक अहवाल कित्येक महिने निरंक, म्हणजे 'एकही रुग्ण नाही' असा, जात होता.

घरोघर शोधाची फेरी लागली तेव्हा हे गाव माझ्याकडे आलं. हातात नारूचं चित्र छापलेलं कार्ड. पाटलांच्या ओट्यावर विचारलं तर उत्तर आलं, "आमच्यात नाही हो, ते खालच्या गावात." खालच्या गावात गेलो तर त्यांनी वरचं गाव दाखवलं. नारू निघणं म्हणजे गरिबीची आणि घाणीची जाहिरात, कोण कबूल करणार? मोठ्यांना विचारून हा रोग सापडत नाही हे मी तिथे शिकलो आणि शाळा सुटायच्या वेळेला शाळेसमोर जाऊन उभा राहिलो. कार्ड बघताच एक चिमुरडं पोर म्हणालं, "हे आमच्या गड्याच्या पायातनं निघालंय. काडीला गुंडाळलंय."

गडी गोठ्यात होता. सालगडी, उचल घेतलेला, आणि ऐन पेरणीच्या तोंडावर आडवा पडलेला. मालकानं त्याला गुरांच्या मागे अशा जागी ठेवला होता की ओट्यावरून दिसू नये. पाय गुडघ्यापर्यंत टरारून सुजलेला. काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा कुणीतरी घाईनं ओढलेला, त्यामुळे अर्धा तुटून आतच राहिला आणि जखम चिघळली. रोज जेमतेम दोन-चार बोटं येईल तेवढाच तो ओढायचा असतो, पण पेरणी थांबलेला मालक तेवढा कुठे थांबतोय! मी विचारलं, "पाण्यात पाय घालतोस का?" तर अगदी सरळपणे म्हणाला, "पाण्यात पाय सोडला की आग थांबती साहेब. पहाटंच जातो बारवंवर, कुणी नसतंय तवा." कुणाला आपला त्रास नको म्हणून पहाटे. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडत नाही अशा वेळी. त्या जंतूचं सगळं गणितच त्या आगीवर उभं आहे. माणसाला पाण्याकडे नेते ती आगच. पाय धुऊन पट्टी बांधली, ओतून घ्यायला गोठ्यातच बादलीभर पाणी ठेवायला लावलं, ते पाणी कोरड्या मातीत सांडायचं असं मालकाला बजावलं आणि बारवेकडे वळलो.

बारवेत टेमेफॉस, म्हणजे सायक्लॉप्स मारणारं औषध, टाकायचं तर आधी पाणी किती आहे ते काढावं लागतं, कारण प्रमाण लिटरला एक मिलिग्राम. लांबी घेतली, रुंदी घेतली, खोलीसाठी दोरीला दगड बांधून सोडला. दोरी वर येईपर्यंत काठावर माणसं जमली. कुणीतरी उठवलं होतं की सरकार बारव ताब्यात घ्यायला मोजणी करतंय. औषधाला विरोध होईल अशी माझी तयारी होती, मोजपट्टीला होईल अशी नव्हती! एक म्हातारी पायरीवर बसून राहिली. "माझ्या सासऱ्यानं खांदलीया ही. मोजायची नाही." मी तिला कार्ड दाखवलं. तिनं चित्र निरखून पाहिलं आणि लुगडं जरा वर करून पोटरी दाखवली. वण होते, एक नव्हे, तीन. "तीनदा निघालाय," म्हणाली, आणि मग जमलेल्यांकडे वळून, "मोजू द्या रं त्याला."

त्या रात्री वाटलं, आता शाबासकी मिळणार. पुढच्या बैठकीत आमच्या वरच्या साहेबांनी अहवाल हातात घेतला आणि विचारलं, "मागच्या तिमाहीत निरंक, आणि आता हा कुठून आणलात?" आणलात! जणू मी पिशवीत घालून आणला होता. मग मवाळ होऊन म्हणाले, "बाहेरगावाहून आलेला म्हणून दाखवता येईल का बघा." मी नाही म्हणालो. त्यावरून पुढे माझं काय झालं तो वेगळा विषय. पुढच्या वर्षी त्याच गावात आणखी रुग्ण निघाले, आणि निघणारच होते, कारण ते आधीच्या वर्षी ते पाणी प्यायले होते. औषध, पाणी गाळायला कापड, रुग्णाला पाण्यापासून लांब ठेवणं, पुन्हा शोध. शेवटी पायऱ्या बंद करून काठाला कठडा बांधला आणि वरून रहाटानं पाणी शेंदायची सोय झाली. मग निरंक खरं झालं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. देशाचा नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण सापडत होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये, राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र फेब्रुवारी २००० मध्ये. मधली साडेतीन वर्षं काय केलं? नसलेला नारू शोधला. निदान तीन वर्षं नीट शोधूनही सापडला नाही, तरच शून्य धरतात.

हे जिथे झालं नाही तिथे काय होतं ते आफ्रिकेतल्या चाड देशात बघा. तिथे दहा वर्षं एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. २०१० मध्ये रुग्ण पुन्हा सापडले. रोग आभाळातून पडला नव्हता, बघणारं पुरेसं कुणी नव्हतं. आमच्या साहेबांना तिथे छान बढती मिळाली असती.

आणि मग २०१२ पासून तिथे कुत्र्यांच्या अंगातून नारू निघायला लागला. तोच जंतू, माणसातलाच. शारी नदीच्या काठची वस्ती मासेमारीवर जगणारी. मासे साफ करून टाकलेली आतडी कुत्री खातात, आणि कच्चे मासे, बेडूक यांच्यामार्फत अळ्या त्यांच्या पोटात जात असाव्यात असा तज्ज्ञांचा कयास आहे. पाय जळायला लागला की कुत्रंही माणसासारखंच डबक्यात जाऊन बसतं. २०१९ मध्ये एकट्या चाडमध्ये १९०० हून जास्त कुत्री बाधित होती. दाजींनी आता कुत्र्यांसाठी नळयोजना काढावी, मी टेंडरच्या दिवशी हार घेऊन येतो. तिथे उपयोगी काय पडलं? बाधित कुत्रं बांधून ठेवणं, खबर देणाऱ्याला आणि बांधणाऱ्याला बक्षीस, माशांची आतडी पुरणं, डबक्यात टेमेफॉस. सगळं दारोदार फिरणाऱ्या माणसांचं काम. इथिओपियात तर बबून माकडांत सापडलाय. ती बांधणार कशी?

नळाच्या बाजूनं कुणी दक्षिण सुदानचं उदाहरण देईल म्हणून तेही सांगतो. २००६ मध्ये तिथे २० हजारांहून जास्त रुग्ण होते, २०१७ मध्ये शून्य. मधल्या काळात घरोघर नळ गेले नव्हते. गेले ते गाळणीचं कापड, गळ्यात अडकवायची नळीची गाळणी आणि गावोगावचे स्वयंसेवक. त्याआधी १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सुदानच्या यादवी युद्धात जवळपास सहा महिने शस्त्रसंधी घडवून आणला होता, तो नारूच्या कामासाठी, म्हणजे कार्यकर्त्यांना गावात शिरता यावं म्हणून. पण २०१७ चं शून्य टिकलं नाही. २०१८ मध्ये पुन्हा १० रुग्ण. वर्षभर अंगात गप्प बसणारा जंतू आहे, एका वर्षाच्या शून्यावर पेढे वाटायचे नसतात. आफ्रिकेतल्याच माली देशातही लढाईमुळे बराच भाग फिरता न येण्यासारखा आहे. जिथे पोचता येत नाही तिथला आकडा लहानच दिसणार.

जगाचा हिशेब असा: १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख रुग्ण. २०२२ मध्ये १३, २०२३ मध्ये १४, २०२४ मध्ये १५. प्राणी मात्र २०२४ मध्ये साडेसहाशेच्या वर. पंधराच्या आकड्यावर जाऊ नका, खरी लढाई या साडेसहाशेशी आहे. निर्मूलनाची पहिली मुदत १९९५ ची होती, आता २०३० म्हणतात. माझं मत विचाराल तर तीही चुकेल.

पंधरा रुग्णांसाठी एवढा खर्च कशाला, असंही तुम्हाला मनात वाटलं असेल. एका मादीत किती पिल्लं असतात ते वर लिहिलंय. लक्ष काढून घेतलं की हा आकडा पुन्हा फुगायला वेळ लागत नाही.

तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर उत्तरात 'सुरक्षित पाणीपुरवठा' लिहा, गुण मिळतील. पण त्याखाली 'सक्रिय शोध' आणि 'रुग्णाला पाण्यापासून दूर ठेवणे' हेही लिहा, आणि परीक्षकानं ते खोडलं तर तो माझ्या दाजींचा नातेवाईक आहे असं समजा.

आता दाजींच्या बाजूनं एवढं म्हणतो की बाकीच्या गावांत चांगलं पाणी जवळ नसतं तर बारवेच्या पायऱ्या कुणी बंद करू दिल्या नसत्या. आणि त्यांच्या खात्यानं जिथे गोड पाणी लागेपर्यंत दुसरा हापसा घेतला तिथे आमचं काम निम्म्यानं कमी झालं, हेही खरं. फक्त त्या गावात त्यांनी तो घेतला नाही. का, ते दाजींना विचारा. मी दर दिवाळीला विचारतो.

जाता जाता एक. हल्ली बारवा साफ करायची मोहीम जोरात आहे आणि नारूची भीती असताना आत उतरावं का असं काही जण विचारतात. खुशाल उतरा. नारू पाण्यात उतरल्यानं होत नाही, बाधित पाणी प्यायल्यानं होतो, आणि आपल्याकडे तो आता नाही. साप मात्र असतात, टॉर्च घेऊन उतरा.